परदेशांतील कंपनी आणि घरचा हिशेब

(ज्युबिलीनिमित्त बोरी बुद्रुक येथें भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवशीं चार शब्द बोलावे अशी आपण आम्हांस आज्ञा केली. अशा प्रसंगीं मागील पिढ्यांचें स्मरण करावें आणि देवाचे उपकार मानावे, असा परिपाठ आहे. तो आज सकाळच्या मिस्साबलीच्या वेळीं आपण सर्वांनीं मिळून पाळला. आतां आम्ही जो विषय घेणार आहों, तो या मंडपांत कित्येकांस विजोड वाटेल. विषय असा कीं, आपल्या गांवीं राहून परक्या देशांत कंपनी काढावी कीं काढूं नये, आणि काढावयाची तर कशी. गेल्या दोन-तीन वर्षांत याच प्रश्नासाठीं आमच्याकडे पांच-सहा तरुण येऊन गेले. त्यांपैकीं एकाच्या बाबतींत आमच्याच हातून चूक घडली. ती आम्ही आज आपल्यासमोर सांगणार आहों. म्हणून हा विषय.

परदेश हा शब्द ऐकून येथील माणसानें दचकण्याचें कारण नाहीं. या बोरीच्या शिवारांत, कुकडीच्या पात्रालगत, ज्वालामुखीच्या राखेचा थर सांपडला आहे. ती राख दूर सुमात्रा बेटावरील टोबा नांवाच्या ज्वालामुखीची आहे, असें भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. ती कोणत्या काळच्या उद्रेकाची, याविषयीं मात्र त्यांच्यांत मतभेद आहेत. ती झाली निसर्गाची गोष्ट. माणसांची गोष्ट पाहूं गेल्यास, आपल्याच तालुक्यांतील जुन्नरच्या लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे ब्राह्मी लिपींतील लेख आहेत, आणि त्यांत यवनांचीं, म्हणजे ग्रीक व पश्चिमेकडील देशांच्या लोकांचीं, नांवें येतात. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं. चिट नांवाच्या यवनानें भिक्षुसंघासाठीं भोजनमंडप दिला. कोंकणांतील बंदरांपासून नाणेघाट चढून येणाऱ्या व्यापारी मार्गामुळें हे लोक येथवर पोंचले असावे, असें विद्वान मानतात. त्यांनीं कोणता माल विकला आणि किती नफा मिळविला, हें त्या दगडांत लिहिलेलें नाहीं. पाणी दिलें, तेवढें लिहिलेलें आहे.

आपल्या धर्मग्रंथांतही असें उदाहरण आहे. प्रेषितांच्या कृत्यांत लुदिया नांवाच्या बाईचा उल्लेख येतो. ती आशिया प्रांतांतील थुवतीरा नगरची. जांभळीं वस्त्रें विकण्याचा तिचा धंदा होता. संत पौलाची आणि तिची भेट मात्र समुद्रापलीकडे मासेदोनियांत, फिलिप्पै नगरांत झाली. ती परमुलखांत व्यापार करीत होती, तेथें तिचें स्वतःचें घर होतें, आणि बाप्तिस्मा घेतल्यावर तिनें तें घर पौलासाठीं व त्याच्या सोबत्यांसाठीं उघडलें. तेव्हां परक्या देशांत धंदा करणें यांत कांहीं कमीपणा आहे असें कोणी म्हणूं नये.

तथापि इरिल, लुदिया आणि आजचा आमचा तरुण यांच्यांत एक मोठा भेद आहे. इरिल येथें आला होता. लुदिया फिलिप्पैत राहत होती. गिऱ्हाइकाची तक्रार असली तर तो तिच्या दारावर जाऊन हांक मारूं शकत होता. आजचा उद्योजक परक्या देशांत पाऊल न टाकतां तेथें कंपनी काढूं शकतो. त्या देशांत त्याचें घर नसतें, नातलग नसतात, कधीं कधीं त्या देशाची भाषाही त्यास येत नसते. मालक येथें आणि कंपनी तेथें, अशी ही नवी रीत आहे. ती वाईट नव्हे. परंतु तींत मालकाची जबाबदारी कमी न होतां दुप्पट होते, आणि हेंच आम्हांस आज सांगावयाचें आहे.

आपल्या पुणें जिल्ह्यांतील मोठ्या कारखानदारांचीं उदाहरणें आपणांस ठाऊक असतील. मुंढव्याच्या भारत फोर्जनें २००४ सालीं जर्मनींतील कार्ल डान पेडिंगहाउस ही घडीव लोखंडी भाग बनविणारी कंपनी घेतली. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०१२ सालीं नेदरलँड्समधील बिल्थोव्हेनची लस बनविणारी कंपनी घेतली. या मंडळींपाशीं वकील आहेत, हिशेबनीस आहेत, आणि चूक झाली तर ती निस्तरण्यास लागणारा पैसाही आहे. आमच्याकडे येणाऱ्या तरुणापाशीं एक लॅपटॉप असतो आणि घरच्यांचा विश्वास असतो. मोठ्यांचें पाहून त्यानें तसेंच पाऊल टाकावें, एवढें त्याचें बळ नसतें.

अशा एकट्या माणसास दार उघडणाऱ्या देशांत एस्टोनियाचें नांव पुष्कळदां ऐकूं येतें. युरोपच्या उत्तरेस बाल्टिक समुद्राच्या कांठीं हा लहानसा देश आहे. लोकवस्ती अवघी तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या पुणें जिल्ह्याहून कितीतरी कमी. सोव्हिएत सत्तेंतून तो १९९१ सालीं मोकळा झाला आणि २००४ सालीं युरोपीय संघांत गेला. या देशानें २०१४ च्या डिसेंबरांत ई-रेसिडेन्सी नांवाची योजना सुरू केली. तिच्या अन्वयें परदेशस्थ माणसानें इंटरनेटवरून अर्ज करावा. त्याची चौकशी होते. मग नेमलेल्या ठिकाणीं स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन, त्यानें एक कार्ड घ्यावें. त्या कार्डानें घरबसल्या कायदेशीर सही करतां येते आणि कंपनीची नोंदणीही करतां येते. आजवर एक लाखाहून अधिक लोकांनीं हें कार्ड घेतलें आहे.

तेथील खासगी कंपनीस पूर्वीं किमान २५०० युरोंचें भांडवल लागत असे; २०२३ च्या फेब्रुवारीपासून ती अट गेली आणि एका सेंटाचाही भाग चालतो. नफा कंपनींतच ठेवला तर त्यावर कर नाहीं. तो वांटला म्हणजे कर लागतो. हें ऐकून तरुणांचे डोळे चमकतात. परंतु त्याच कायद्यांत आणखीही कलमें आहेत. कंपनीस त्या देशांत कायदेशीर पत्ता लागतो. कारभारी मंडळ देशाबाहेर असेल तर सरकारी कागद स्वीकारण्यासाठीं तेथें परवानाधारक संपर्कव्यक्ति नेमावी लागते, आणि तिचें शुल्क वर्षानुवर्षें द्यावें लागतें. हिशेबाचें वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. वर्षभरांत एक रुपयाचा धंदा झाला नसला तरीही. म्हणजे ज्याचें तेथें घर नाहीं, त्यानें निदान एक दार ठेवावें आणि त्या दारावर कोणी हांक मारली तर ओ द्यावी, अशी त्या कायद्याची इच्छा आहे. ती रास्त नाहीं असें कोण म्हणेल?

निरनिराळ्या देशांचे नियम निरनिराळे आहेत. ब्रिटनमध्यें संचालक त्या देशाचा रहिवासी असण्याची अट नाहीं. मात्र खोट्या नांवांच्या कंपन्यांचा सुळसुळाट झाल्यामुळें २०२३ सालीं नवा कायदा होऊन संचालकांनीं आपली ओळख पटवून देणें सक्तीचें झालें. सिंगापुरांत निदान एक संचालक तेथेंच राहणारा असावा लागतो. तेव्हां एका देशाविषयीं ऐकलेली गोष्ट दुसऱ्या देशास लावूं नये.

आतां या नोंदणीनें काय मिळत नाहीं, तेंही सांगतों. कारण मध्यस्थ लोक नेमकें तेवढेंच गाळतात. ई-रेसिडेन्सीचें कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. तें त्या देशांत राहण्याचा परवाना नव्हे, आणि व्हिसाही नव्हे. कंपनी नोंदली म्हणून बँकेंत खातें उघडलेंच पाहिजे असें नाहीं. तुमचा धंदा काय, पैसा कोठून येतो, त्या देशाशीं तुमचा संबंध काय, हें बँक विचारते, आणि समाधान न झाल्यास नकार देते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, परदेशांत कंपनी काढल्यानें आपल्या देशाचा कर चुकत नाहीं. जो मनुष्य येथील कायद्यानें सामान्य रहिवासी आहे, त्याच्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब येथील प्राप्तिकर खात्यास द्यावा लागतो. एस्टोनियाशीं आपल्या देशानें २०११ सालीं करार केला आहे, तो एकाच उत्पन्नावर दोनदां कर पडूं नये म्हणून. एकदांही पडूं नये म्हणून नव्हे.

येथील नियम थोडक्यांत सांगतों. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणें येथें राहणाऱ्या व्यक्तीस एका आर्थिक वर्षांत २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवितां येते. परदेशी कंपनींत भांडवल घालावयाचें तर २०२२ च्या ऑगस्टमध्यें आलेले नियम लागू होतात. अधिकृत बँकेमार्फत अर्ज करून त्या गुंतवणुकीचा क्रमांक घ्यावा लागतो. भाग मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा लागतो. आणि जेथें अहवालाचें बंधन आहे तेथें कंपनीचा वार्षिक अहवाल दरवर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत बँकेकडे जावा लागतो. ती कंपनी खरोखर धंदा करणारी असावी, आणि सावकारी-विम्यासारखा पैशाचा व्यवहार करणारी नसावी. शिवाय प्राप्तिकराच्या विवरणपत्रांत परदेशांतील मालमत्तेचें जें स्वतंत्र परिशिष्ट आहे, त्यांत ती कंपनी आणि तिचें खातें दाखवावें लागतें. तें न दाखविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यानें दहा लाख रुपयांचा दंड सांगितला आहे. एकूण वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेस २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्या दंडांतून सूट मिळाली, तरी दाखविण्याचें कर्तव्य सुटलें नाहीं. आणखी एक. कंपनीचे महत्त्वाचे निर्णय खरोखर येथेंच घेतले जात असतील, तर ती परदेशी कंपनीही येथील रहिवासी ठरूं शकते. वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या आंत असल्यास मात्र तो विचार लागू नाहीं, असें २०१७ च्या परिपत्रकानें सांगितलें आहे.

हें सारें आम्ही आज आपणांस सांगत आहों. परंतु एका वेळीं आम्हांस यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. आतां ती चूक सांगतों.

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. त्याचें नांव, गांव, किंवा त्या परदेशाचें नांव आम्ही सांगणार नाहीं. दुकानदारांच्या उपयोगाचे संगणकी कार्यक्रम तो तयार करी. काम चोख होतें. युरोपांतील एका गिऱ्हाइकानें त्यास म्हटलें कीं, तुमची कंपनी इकडची असती तर आम्हांस बरें पडलें असतें. शहरांतला एक मध्यस्थ भेटला. आठ दिवसांत कंपनी काढून देतों, पुढें कांहीं पाहावें लागत नाहीं, असें बोलला. त्या सालचें कांद्याचें पैसे बापानें मुलाच्या हातीं दिले. कंपनीचा दाखला आला, घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लागली, आणि आम्हांस आशीर्वादासाठीं बोलावणें आलें. आम्ही आनंदानें गेलों. पाणी शिंपडलें, प्रार्थना केली, पेढा खाल्ला, आणि पुढल्या रविवारीं आपल्या मुलांनीं याचा कित्ता गिरवावा असें वेदीवरून सांगितलें. एकही कागद आम्हीं पाहिला नाहीं.

दोन वर्षांनीं तो मुलगा रात्रीं आमच्याकडे आला. मध्यस्थाचा फोन बंद झाला होता. तेथील पत्त्यावर गेलेलीं सरकारी पत्रें याच्यापर्यंत आलींच नव्हतीं. वार्षिक अहवाल गेला नव्हता, आणि कंपनीचें नांव काढून टाकण्याची सूचना निघाली होती. कागद मागितले ते देतां आले नाहींत म्हणून खात्यांतले पैसे अडकले. इकडे बँकेस कांहीं कळविलेलें नव्हतें. पैसे मध्यस्थाच्या खात्यांत भरले होते. विवरणपत्रांत परदेशी कंपनीचा उल्लेख नव्हता. मुलानें कोणास फसविलें नव्हतें. परंतु कागदावर तो लपवाछपवी करणारा दिसत होता. सारें निस्तरण्यासाठीं दावणीच्या दोन गाई विकाव्या लागल्या.

आम्ही त्याच्या घरीं गेलों, तेव्हां त्याची आई चुलीपुढून उठली नाहीं. थोड्या वेळानें तिकडे पाहत ती एवढेंच बोलली, "फादर, पाटी लावली तेव्हां तुम्हीं तरी कागद मागायचे होते." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आजही नाहीं.

पुढें एका जाणत्या हिशेबतपासनिसाच्या साहाय्यानें त्यानें बँकेकडे विलंबाचें शुल्क भरलें, विवरणपत्रें सुधारून दिलीं, परदेशांतील अहवाल देऊन ती कंपनी रीतीनें बंद केली. गिऱ्हाइकास त्यानें स्वतः सर्व हकीगत लिहून कळविली. तें गिऱ्हाईक टिकलें. आज तो आपल्याच नांवानें, येथूनच, त्याच गिऱ्हाइकाचें काम करतो. मग ध्यानांत आलें कीं, मुळांत त्यास त्या कंपनीची गरजच नव्हती.

हा मुद्दा शेतकरी बांधवांनींही लक्षांत घ्यावा. परदेशीं माल विकण्यासाठीं परदेशांत कंपनी लागतेच असें नाहीं. निर्यातीचा क्रमांक आपल्या सरकारकडून मिळतो. सेवेच्या निर्यातीसाठीं हमीपत्र दिलें म्हणजे जीएसटी न भरतां बिल करतां येतें. महाराष्ट्रांतील द्राक्ष बागाइतदारांच्या सहकारी संस्थांनीं १९९१ सालीं महाग्रेप्स ही संस्था उभारली, आणि एकट्या शेतकऱ्यास न झेपणारी परदेशांतील विक्री एकत्र येऊन साधली. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराईड या द्रव्याचा अंश आढळल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडविलीं गेलीं, आणि बागाइतदारांचें किती नुकसान झालें हें आपल्या भागास सांगावयास नको. त्यापूर्वींच अपेडानें ग्रेपनेट ही व्यवस्था चालू केली होती. तिच्यामुळें पेटी युरोपांत उघडली तरी द्राक्षें कोणत्या बागेंतून आलीं, हें शोधतां येतें. दूरच्या गिऱ्हाइकास आपण दिसत नाहीं. म्हणून त्यास आपला माग लागला पाहिजे. द्राक्षास जो न्याय, तोच कंपनीस.

मग कोणीं परदेशांत कंपनी काढावी? ज्याचें गिऱ्हाईक खरोखर त्या देशांत आहे, ज्याच्या धंद्यास तेथील करारांची किंवा भागीदारांची जरूर आहे, आणि जो दोन्ही देशांतील हिशेबाचा वार्षिक खर्च नफ्यांतून सहज भागवूं शकतो, त्यानें खुशाल काढावी; आमचा आशीर्वाद आहे. परंतु त्याआधीं चार गोष्टींचीं उत्तरें त्यानें कागदावर लिहून काढावीं. पहिली, ही कंपनी मला कशासाठीं हवी? दुसरी, दरवर्षीं कोणत्या तारखांस, कोणत्या देशांत, कोणते कागद द्यावे लागतील, आणि ते देणार कोण? तिसरी, मध्यस्थ उद्यां नाहींसा झाला तर सर्व किल्ल्या, म्हणजे कार्ड, संकेतशब्द आणि मूळ कागद, माझ्या हातीं आहेत काय? चौथी, ही कंपनी बंद करावयाची झाली तर किती खर्च येईल? काढण्याचा खर्च सारे विचारतात. बंद करण्याचा कोणी विचारीत नाहीं.

आईबापांसही एक विनंती आहे. मुलगा इंग्रजी बोलतो आणि आपणांस त्यांतलें कळत नाहीं, म्हणून गप्प राहूं नका. पैसा तुमचा आहे. तीं चार उत्तरें त्याला मराठींत वाचून दाखवावयास सांगा. ज्यास आपला धंदा आईस समजावून देतां येत नाहीं, त्यास तो अजून स्वतःसही समजलेला नाहीं.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं २००९ सालच्या आपल्या परिपत्रांत परदेशांतील गुंतवणुकीचा विचार केला आहे. बाहेर भांडवल नेणें वाईट असें ते म्हणत नाहींत. मात्र प्रत्येक गुंतवणूक ही हिशेबाची गोष्ट असून नीतीचीही गोष्ट आहे, या शिकवणीची ते आठवण करून देतात. कर देणें हेंही शेजाऱ्यावरील प्रेमाचेंच एक रूप आहे. ज्या रस्त्यानें आपला कांदा बाजारास जातो आणि ज्या शाळेंत आपलीं मुलें शिकतात, तीं कराच्या पैशावर चालतात. आणि ज्या परक्या देशाच्या कायद्याच्या आश्रयानें आपली कंपनी उभी राहते, त्याही देशाचें आपण कांहीं लागतों.

आम्हीं त्या दिवसापासून एक नेम केला आहे. आतां कोणी दुकानाच्या, गाडीच्या किंवा कंपनीच्या आशीर्वादासाठीं बोलावलें, तर आम्ही अगोदर जाऊन बसतों आणि कागद पाहतों. आम्हांस त्यांतलें सारें कळतें असें नाहीं. न कळल्यास जाणत्याकडे पाठवितों. कोणास हें धर्मगुरूचें काम वाटत नसेल, तर त्यानें त्या माउलीचे शब्द आठवावे.

असो.  आपल्या मुलांनीं दूरच्या देशांशीं व्यापार करावा. पुढें कोणी त्यांचें नांव काढलें तर इरिलाप्रमाणें त्यांच्या पाण्याच्या टांक्याची आठवण निघावी. आणि दोन्ही देशांच्या हिशेबाच्या वह्या केव्हांही उघडून दाखवितां येतील, असा त्यांचा व्यवहार असावा, हीच या ज्युबिलीच्या दिवशीं आमची प्रार्थना आहे. परमेश्वर आपणां सर्वांस, आपल्या घरांस आणि आपल्या हातच्या कामास आशीर्वाद देवो.